‘आय कन्कर’ : होकाराला चढवलेला कोट

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीतली एखादी लांबलेली ई-मेलची साखळी उघडून वाचा. विषय गणपतीच्या हॉलच्या भाड्याचा असो, नाहीतर संक्रांतीला पूर्ण जेवण ठेवायचं की तिळगूळ आणि चहावर भागवायचं, याचा. पहिला ई-मेल तीन परिच्छेदांचा असतो, दुसरा एका परिच्छेदाचा, आणि तिसऱ्यापासून पुढे रांगेने एकच वाक्य येतं : ‘आय कन्कर.’ कुणी त्याला ‘फुल्ली’ जोडतं, कुणी ‘विथ ऑल ऑफ द अबव्ह’ची शेपटी लावतं. फोनवर हीच मंडळी ‘चालेल रे, करून टाक’ म्हणतात. लिहायला बसली की मात्र कन्कर करू लागतात.

मला या शब्दाचं वावडं नाही. इंग्रजीतल्या चांगल्या, कमावलेल्या शब्दांपैकी तो एक आहे. तक्रार आहे ती आपल्या वापराबद्दल. आपल्याला वाटतं, ‘कन्कर’ म्हणजे ‘अग्री’च, फक्त इस्त्री केलेला. समारंभाला जाताना जसा कोट चढवावा, तसा होकाराला चढवायचा. पण या शब्दाला स्वतःचं व्याकरण आहे, स्वतःचा इतिहास आहे आणि त्याच्याबरोबर येणारी एक जबाबदारीही आहे. ती जबाबदारी टाळून शब्द तेवढा उचलला, की काय होतं ते पाहण्यासारखं आहे.

आधी भावंडं ओळखून घेऊ. इंग्रजीत होकाराचे औपचारिक शब्द पुष्कळ आहेत आणि बहुतेक लॅटिनमधून, काही फ्रेंचच्या वाटेने आलेले आहेत. ‘अग्री’च्या मुळाशी ‘आवडणं, रुचणं’ आहे. ‘अकॉर्ड’च्या मुळाशी हृदय आहे. ‘असेंट’ आणि ‘कन्सेंट’ या दोघांच्या पोटात ‘वाटणं, जाणवणं’ या अर्थाचं एकच क्रियापद आहे. ‘ॲक्विएस’मध्ये शांतता आहे; म्हणजे पटलं नाही, पण आता गप्प बसतो. आणि ‘कन्कर’मध्ये आहे धावणं. एकत्र धावत येणं. विमानतळावरचा ‘कॉनकोर्स’ त्याच मुळाचा. लॅटिनमध्ये हे क्रियापद दोन सैन्यं एकमेकांवर धावून गेली तरी वापरत, आणि फ्रेंचमध्ये ‘कॉन्कुराँस’ म्हणजे आजही स्पर्धा. आपल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘कन्करन्सी’ हा त्यांच्या रोजच्या डोकेदुखीचा विषय. दोन कामं एकाच वेळी धावत असतात आणि एकाच जागी पोचताना आदळू नयेत म्हणून सगळी खटपट करायची असते.

थोडक्यात, कन्कर करणारे दोघे वेगवेगळ्या दिशांनी निघालेले असतात आणि एका ठिकाणी पोचतात. जो जागचा हललाच नाही, त्याने कन्कर केलं असं कसं म्हणायचं?

वाक्यात वापरताना हा फरक लगेच दिसतो. ‘अग्री’ला जवळजवळ सगळं चालतं : माणसाशी अग्री, प्रस्तावाला अग्री, अमुक करायला अग्री. ‘कन्कर’ तितका सैल नाही. माणसाशी किंवा त्याच्या मताशी ‘कन्कर विथ’, निर्णयात ‘कन्कर इन’, आणि अमुक एक गोष्ट खरी आहे असं म्हणायचं तर ‘कन्कर दॅट’. ‘वी कन्कर टु पे द डिपॉझिट’ हे वाक्य आजच्या इंग्रजी कानाला खटकतं, कारण पैसे भरायला तयार होणं हे वचन आहे आणि कन्कर हा मताचा शब्द आहे. हॉस्पिटलात हा भेद फार स्पष्ट असतो. दोन डॉक्टर निदानाबाबत कन्कर करतात. शस्त्रक्रियेला कन्सेंट रुग्ण देतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या वडिलांना इथे ॲडमिट करावं लागलं आणि मुलाने डॉक्टरांना ‘वी कन्कर’ सांगितलं, तर त्याने आपलं मत सांगितलं. वडिलांना विचारलं का, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

शब्दाचा हा कोटासारखा वापर किती हास्यास्पद होऊ शकतो, हे स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘कॅच मी इफ यू कॅन’ (२००२) या चित्रपटाने फार मजेत दाखवलं आहे. लिओनार्डो डिकॅप्रिओने रंगवलेला फ्रँक हा तोतया आहे, वैद्यकाचा त्याला गंधही नाही, पण तो हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून मिरवतो. मोडलेल्या पायाची केस समोर येते तेव्हा तो शिकाऊ डॉक्टरांनाच निदान विचारतो आणि मग दुसऱ्याकडे वळून गंभीरपणे म्हणतो : तुम्ही कन्कर करता का? या एका शब्दावर त्याची डॉक्टरकी निभावून जाते. त्याहून गंमत म्हणजे, ज्याला हे विचारलं तो शिकाऊ मुलगा नंतर हळहळतो, की आपण कन्कर का केलं नाही! तोतया आणि खरा, दोघेही शब्दाला भुलले. पायाचं काय झालं ते कुणीच पाहिलं नाही. आपली इथे वाढलेली मुलं ‘डू यू कन्कर?’ असं एकमेकांना विचारून खिदळतात, ती बरेचदा या प्रसंगामुळे. त्यांना त्यातला विनोद कळलेला असतो. त्यांच्या आईबापांच्या ई-मेलमध्ये मात्र तो शब्द अजून गंभीर चेहऱ्याने बसलेला असतो.

तो तिथे आला कुठून? माझा अंदाज असा, की बराचसा भारतातल्या सरकारी फायलींतून. आपल्याकडे खर्चाचा कुठलाही प्रस्ताव ‘फायनान्स कन्करन्स’शिवाय पुढे सरकत नाही. मराठी शासन निर्णयांच्या तळाशीही वित्त विभागाच्या ‘सहमतीने’ हा निर्णय काढला जात असल्याचं वाक्य असतं. बँकेत, रेल्वेत, सार्वजनिक उपक्रमांत नोकरी केलेल्यांच्या घरात हा शब्द जेवणाच्या ताटापर्यंत पोचलेला असतो. पण तिथे त्या शब्दाला दात होते. ज्याचं कन्करन्स लागतं, त्याला फाईल अडवताही येते. त्याचा होकार मोलाचा, कारण नकाराचा अधिकार त्याच्या हातात आहे. आपण साता समुद्रापार येताना शब्द आणला. दात तिकडेच राहिले.

हे दात किती खरे आहेत, ते दोन राज्यघटनांत बघता येतं. आपल्यातल्या ज्यांनी नागरिकत्वाची परीक्षा दिली, त्यांनी अमेरिकन राज्यघटनेची रूपरेषा पाठ केलेली असते. १७८७च्या त्या मसुद्यात राष्ट्राध्यक्षाने तह करण्याविषयीच्या एकाच वाक्यात हे दोन्ही शब्द आहेत. सिनेटचा सल्ला आणि ‘कन्सेंट’ घेऊन तह करावा, मात्र हजर सिनेटरांपैकी दोन तृतीयांशांनी ‘कन्कर’ केलं पाहिजे. संस्थेची संमती म्हणजे कन्सेंट. त्या संमतीसाठी एकेका माणसाने आपापल्या मताने येऊन मिळणं म्हणजे कन्कर. महाभियोगात दोषी ठरवायलाही हजर सदस्यांच्या दोन तृतीयांशांचं ‘कन्करन्स’च लागतं. मसुदा लिहिणाऱ्यांनी शब्द सुचेल तसा टाकलेला नाही.

भारतीय राज्यघटनेच्या वेळी तर या शब्दावरून उघड वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमताना राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी ‘कन्सल्टेशन’ करावं, असा मसुदा होता. त्याऐवजी सरन्यायाधीशांचं ‘कन्करन्स’ घ्यावं, अशी दुरुस्ती सुचवली गेली. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद आजही वाचावा असा आहे. इंग्लंडमध्ये नेमणूक सर्वस्वी राजसत्तेच्या हातात आहे, अमेरिकेत सिनेटची सहमती लागते, आपण मधला मार्ग घेऊ, असं ते म्हणाले. सरन्यायाधीश मोठ्या योग्यतेचा माणूस असतो, पण तोही अखेर माणूसच. सगळ्या माणसांत असतात त्या उणिवा त्याच्यातही असतात. ‘कन्करन्स’ म्हणजे त्याच्या हाती नकाराधिकार देणं, आणि तो आपण राष्ट्रपतीलाही देत नाही, तर त्याला का द्यावा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती पडली.

पुढची कथा त्याहून बोधप्रद आहे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ‘कन्सल्टेशन’ म्हणजे ‘कन्करन्स’ नव्हे. १९९३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय बदलला आणि सरन्यायाधीशांच्या, म्हणजे ज्येष्ठ सहकाऱ्यांशी विचार करून बनलेल्या मताला, प्राधान्य दिलं. आजची कॉलेजियम पद्धत त्यातून आली. संविधान सभेने जो शब्द दाराबाहेर ठेवला होता, तो अर्थाच्या खिडकीतून आत आला. हे योग्य झालं की अयोग्य, यावर कायदेपंडित अजून भांडत आहेत, आणि भांडोत. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की एका देशाची न्यायव्यवस्था ज्या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभी आहे, ते अंतर खरं आहे. सल्ला विचारणं वेगळं आणि सहमती घेणं वेगळं. कार्यकारिणीच्या ई-मेलमध्ये आपण सल्ला विचारतो की सहमती घेतो, हे पाठवणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं.

या शब्दाचं सर्वांत देखणं रूप मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सापडतं. तिथे ‘कन्करिंग ओपिनियन’ हा जणू एक स्वतंत्र लेखनप्रकारच आहे. न्यायाधीश बहुमताच्या निर्णयाच्या बाजूने असतो, पण त्याची कारणं निराळी असतात, किंवा त्याला काही भर घालायची असते, म्हणून तो वेगळं लिहितो. त्यातही दोन जाती आहेत. बहुमताचं मतपत्र मान्य करून वर आपलं चार ओळींचं लिहिणारा नुसता ‘कन्करिंग’. फक्त निकाल मान्य, कारणं अमान्य, असा असेल तर ‘कन्करिंग इन द जजमेंट’. मुक्काम एक, रस्ता वेगळा. आणि रस्ता कोणता, हे सही करून सांगायचं.

१९२७च्या ‘व्हिटनी विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यात अनिटा व्हिटनी या बाईंची शिक्षा न्यायालयाने कायम केली. कम्युनिस्ट लेबर पार्टीची राज्यशाखा उभारायला मदत केली, हा त्यांचा गुन्हा. न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस निकालाशी सहमत झाले, कारण योग्य तो मुद्दा खालच्या न्यायालयात मांडलाच गेला नव्हता. पण कागदावर सहमती नोंदवून त्यांनी जे लिहिलं, ते भाषणस्वातंत्र्याच्या बाजूचं अमेरिकन न्यायसाहित्यातलं एक थोर लेखन मानलं जातं. वाईट बोलण्यावर उतारा म्हणजे अधिक बोलणं, सक्तीचं मौन नव्हे, हा विचार त्यातला. १९६९ साली व्हिटनी खटल्याचा निर्णय न्यायालयाने रद्दबातल केला. बहुमत विस्मृतीत गेलं, सहमतीपत्र उरलं. अर्थात त्यात एक बोचही आहे. इतकं सगळं लिहूनही त्या दिवशी ब्रँडाइस यांचं मत पडलं ते शिक्षेच्या बाजूनेच. कितीही सुंदर कारणं दिली, तरी कन्कर म्हणजे अखेर होकार, आणि त्याचे परिणाम कुणाला तरी भोगावे लागतात.

१९५२चा ‘यंग्जटाउन’ खटला दुसऱ्या टोकाचा. कोरियन युद्धाच्या काळात संपाच्या भीतीने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद गिरण्या ताब्यात घेतल्या. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती कृती बेकायदा ठरवली. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅक यांचं, सडेतोड आणि आखूड. पण आज वकील उद्धृत करतात ते रॉबर्ट जॅक्सन यांचं सहमतीपत्र. जॅक्सन स्वतः रूझवेल्ट यांचे ॲटर्नी जनरल राहिलेले, न्युरेंबर्गला मुख्य अमेरिकन अभियोक्ता म्हणून काम केलेले. सत्ता आतून कशी दिसते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अध्यक्षांच्या अधिकाराच्या तीन पायऱ्या मांडल्या : संसदेचा पाठिंबा असताना, संसद गप्प असताना, आणि संसदेच्या इच्छेविरुद्ध. ब्लॅक यांचं उत्तर त्या खटल्यापुरतं पुरेसं होतं. जॅक्सन यांचं पुढच्या खटल्यांनाही पुरलं. ‘तुमचं बरोबर आहे’ एवढं म्हणून ते थांबले असते, तर हे झालं नसतं.

आता जरा आपल्या घरात डोकावू. मराठीत होकाराचे शब्द कमी आहेत का? होकार, रुकार, संमती, सहमती, अनुमोदन, दुजोरा, मान्यता. अरबी-फारसीतून आलेले कबूल, राजी, मंजूर. यातला ‘मंजूर’ मुळात ‘पाहिलेला’ असा, ‘नजर’चा सख्खा भाऊ, म्हणजे कागद डोळ्याखालून गेल्याशिवाय मंजूर व्हायचा नाही, अशी अपेक्षा शब्दातच आहे. ‘राजीनामा’ हा तर नवलाचा शब्द. मुळात राजी असल्याचा लेख. जमिनीच्या व्यवहारात एकाने राजीनामा देऊन जमीन सोडायची आणि दुसऱ्याने कबुलायत लिहून ती घ्यायची, अशी मुंबई इलाख्यात वहिवाट होती. ‘सोडायला राजी आहे’ यातला ‘राजी’ मागे पडला, ‘सोडणं’ उरलं, आणि आज मंडळाचे अध्यक्ष रागावले की राजीनामा देतात.

खोट्या होकारासाठी तर मराठीइतकी तिखट भाषा क्वचितच असेल. री ओढणं. मम म्हणणं, म्हणजे भटजी संकल्प सांगतात आणि यजमान अर्थ न कळता ‘मम’ म्हणतो, तसं. नंदीबैलासारखी मान डोलावणं. हो ला हो. बाबा वाक्यं प्रमाणम्. आपल्या समाजाला बिनविचाराच्या होकाराचा अनुभव दांडगा असल्याखेरीज इतके वाक्प्रचार तयार होत नाहीत. आणि इथेच ‘कन्कर’ची सोय कळते. ‘मी मम म्हणतो’ असं कुणी लिहिणार नाही. ‘आय कन्कर’ असं लिहिलं, की तेच केलेलं भारदस्त दिसतं.

मराठी व्याकरणाचा आधार घेऊन सांगायचं तर, क्रियापद कर्त्याप्रमाणे चाललं की कर्तरी प्रयोग, कर्माप्रमाणे चाललं की कर्मणी, आणि दोघांकडेही न पाहता आपलं नपुंसकलिंगी एकवचनात बसून राहिलं की भावे. आपले होकारही असेच तीन प्रकारचे असतात. सांगणारा कोण ते पाहून दिलेला कर्तरी होकार. प्रस्ताव काय आहे ते पाहून दिलेला कर्मणी होकार. आणि ई-मेलमधला ‘आय कन्कर’, जो माणूसही पाहत नाही आणि प्रस्तावही, तो शुद्ध भावे. इंग्रजीत वाक्य ‘आय’ने सुरू होतं, म्हणून त्यात कुणी ‘मी’ असेलच असं नाही.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. हॉलच्या भाड्यापुरतं फारसं काही नाही. पण मी पाहिलेल्या एका गावात मराठी शाळा रविवार सकाळवरून शुक्रवार संध्याकाळवर हलवायचा प्रस्ताव आला. पालकांच्या समितीत एकामागून एक ‘आय कन्कर’ आले. सहामाही संपेपर्यंत वर्ग निम्मा झाला. नंतर बोलताना कळलं, की जवळजवळ प्रत्येकाकडे हरकत होती. कुणाची कामाची पाळी, कुणाच्या मुलीचं पोहणं, कुणाकडे शुक्रवारी गाडी नाही. एका आईने तर सांगितलं, ‘अहो, मला म्हणायचं होतं, पण इंग्रजीत सगळं लिहायचं म्हणजे...’ सभेची भाषा इंग्रजी, इतिवृत्त इंग्रजीत, आणि ज्यांचं इंग्रजी कामापुरतं, त्यांना त्या सभेतून सुटायचा सर्वांत सभ्य दरवाजा म्हणजे हे दोन शब्द. मराठी शाळेविषयीची हरकत मराठीत मांडायची सोय नव्हती, म्हणून वर्ग रोडावला. ही शब्दाच्या शोभेची किंमत आहे आणि ती मुलांनी मोजली.

आपल्या बहुतेक मंडळांचे नियम रॉबर्टच्या सभाशास्त्रावरून बेतलेले असतात. हेन्री रॉबर्ट यांचं ते पुस्तक १८७६पासून अमेरिकेतल्या सभा चालवतं आहे. त्यात ‘सेकंड’ करणं म्हणजे पाठिंबा देणं नव्हे, विषय चर्चेला घ्यावा एवढंच म्हणणं. विरोधकसुद्धा सेकंड करू शकतो. आपण त्याचं भाषांतर ‘अनुमोदन’ असं करतो आणि मराठीत अनुमोदन म्हणजे पाठिंबाच. त्यामुळे सूचक-अनुमोदक झाले, की सभेला वाटतं विषय संपला. खरं तर तो तिथे सुरू व्हायचा असतो. त्या मोकळ्या जागेत ‘आय कन्कर’ची रांग लागते आणि चर्चेची वेळ निघून जाते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शब्द टाकू नका. वापरा, पण त्याची अट पाळून. ‘आय कन्कर’ लिहिलंत, की पुढे ‘बिकॉज’ लिहा. त्या ‘बिकॉज’नंतर एक ओळ आपली, दुसऱ्या कुणाची नव्हे. ती सुचत नसेल तर ‘ओके’ लिहा. ‘ओके’ निदान सोंग आणत नाही. पटलं नसेल पण अडवायचं नसेल, तर तसं सांगा : मला पटलेलं नाही, तरी बहुमत असेल तर माझी आडकाठी नाही. आणि हे इंग्रजीत जड जात असेल, तर मराठीत लिहा. मंडळाचं नावच महाराष्ट्र मंडळ आहे. इतिवृत्तात दोन ओळी देवनागरीत आल्या तर कुठलाही कायदा मोडत नाही.

आपल्या भाषेत या सगळ्यासाठी एक जुना शब्द आहे : एकवाक्यता. मीमांसकांचा तो पारिभाषिक शब्द. अनेक पदं एका प्रयोजनाने जोडली गेली, की त्यांचं एक वाक्य होतं. त्यात प्रत्येक पदाला अर्थ असावा लागतो, आणि एकाला दुसऱ्याची गरज असावी लागते. तेच पद नऊ वेळा लिहून वाक्य होत नाही.